टाकी भरल्यावर काय होतं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे सर कुणाला काही सांगत नसत. विचारत असत.

घर त्यांचंच. आम्ही खाली भाड्याने राहत होतो, अजून राहतो. कारेलीबागेतल्या या सोसायटीत आलो तेव्हा माझी मुलगी वर्षा फ्रॉकमध्ये होती आणि आमचे हे बाजव्याच्या बाजूला कारखान्यात पाळीवर जात. सर तेव्हा ट्रेनिंग कॉलेजात शिकवत. शिक्षक होणाऱ्यांना शिकवत. शिक्षकालाही कुणी शिकवावं लागतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, शिक्षक शिकलेलेच येतात. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे मला असं बरंच काही वाटत असे.

काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला समजावून दिलं. बी.एड.ची मुलं शाळेत जाऊन वर्गावर शिकवतात, त्याला पाठ देणं म्हणतात. सर मागच्या बाकावर बसून तो पाठ बघतात आणि चुका काढतात. पाठ सुरू करताना आज काय शिकायचंय ते सांगायचं नसतं. एकेक प्रश्न विचारत मुलांना तिथवर न्यायचं, म्हणजे धड्याचं नाव मुलांच्याच तोंडून निघतं. याला प्रस्तावना म्हणतात.

"कॉलेजात ती चार-पाच मिनिटं असते गं," काकू म्हणाल्या. "घरी दिवसभर चालते."

मला वाटलं, थट्टा करतायत. मग तो पापडांचा दिवस आला.

गच्चीवरच्या टाकीच्या मोटरचं बटण आमच्या स्वयंपाकघरात आहे. मी ते चालू करून विसरले होते. दारावर टकटक झाली. सर उभे, धोतर जरा वर धरलेलं.

"वहिनी, आपल्या घराच्या वर काय आहे?"

मी गोंधळले. "तुमचं घर."

"छान. आणि त्याच्या वर?"

"गच्ची."

"गच्चीवर काय काय आहे?"

"माझे पापड घातलेत वाळत," मी म्हणाले. मला वाटलं, परवानगी न घेता घातले म्हणून रागावले असतील.

"पापडांशिवाय?"

तेवढ्यात त्यांच्या मागे जिन्यावरून पाणी उतरताना मला दिसलं. एकेक पायरी करत येत होतं. पण सर दारात उभे आणि प्रश्न अर्धवट. वडीलधाऱ्या माणसाला मध्येच तोडून आत कसं पळायचं? मी म्हणाले, "टाकी."

"शाब्बास. आता टाकी भरल्यावर काय होतं?"

वरून काकूंचा आवाज आला, "अहो, बटण बंद कर म्हणून सांगा ना तिला! पोरीचे पापड पोहायला लागले!"

"तिचं तिला कळू दे," सर शांतपणे म्हणाले.

मला केव्हाच कळलं होतं. मी आत धावले. पापड लगदा होऊन गेले. सर मात्र जिना चढताना समाधानाने मान हलवत होते.

भाजीवालीचंही तेच. ती खाली हातगाडी लावी आणि सर गॅलरीतल्या हिंचक्यावरून विचारत, ही वांगी कुठली, कालची की आजची, कालची असती तर देठ कसा दिसला असता. ती एकदा वैतागून वर बघत गुजरातीत म्हणाली, "साहेब, लेवां होय तो लो ने, मारे परीक्षा नथी आपवी." घ्यायची तर घ्या, मला परीक्षा नाही द्यायची. सगळी सोसायटी हसली. सरही हसले, पण कशाला हसताय असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला की सर विचारू लागत, आज तिकडे हवा कशी आहे, अशा हवेत कुठला आजार होतो, तो होऊ नये म्हणून अंगात काय घालावं. थोड्या वेळाने, "बाबा, मीटिंग आहे," असं ऐकू येई. स्वेटर घाल एवढंच तर सांगायचं असे.

रविवारी बी.एड.ची मुलंमुली त्यांच्याकडे पाठाची तयारी करायला येत. जिन्यात चपलांचा ढीग व्हायचा. मी काकूंना मदत म्हणून पोहे वर न्यायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा एक मुलगी झाडाच्या पानांवर पाठ देत होती. तिने हातात पान धरलं आणि म्हणाली, पान हिरवं असतं. सर म्हणाले, "तने कोणे पूछ्युं?" तुला कुणी विचारलं? ती रडायलाच लागली. सर गडबडले. रुमाल पुढे करत म्हणाले, "डोळ्यांतून पाणी कधी येतं?" ती रडता रडता हसली. काकूंनी तिला पोह्यांची बशी दिली. "कहेवानुं नहीं, पूछवानुं," असं सर सगळ्यांना बजावत. सांगायचं नाही, विचारायचं. त्यांचा तो एकच मंत्र होता.

मग सर निवृत्त झाले. तरी मुलं येत राहिली. मग कमी झाली. एका वर्षी जिन्यात फक्त दोन जोड होते. पुढे तेही नाहीत. मी काकूंना विचारलं, आता कुणी बी.एड. करत नाही का. काकू म्हणाल्या, "उलट, आता सगळेच करतात. गावोगाव कॉलेजं निघालीत. जायला लागत नाही, हजेरी तेच लावतात, परीक्षेपुरतं जायचं." सर हिंचक्यावर होते. पाय जमिनीला लावून नुसते झोका देत राहिले.

न जाता शिक्षक कसं होता येतं, ते मला समजेना. पण मला न समजणाऱ्या गोष्टी खूप असतात, म्हणून मी विचारलं नाही.

वर्षाच्या बाबतीत मात्र ते विचारायची वेळ आलीच.

वर्षा बी.एस्सी. झाली आणि तिला शहरातल्या जुन्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली. सरांचंच कॉलेज. दोन वर्षं, रोज जायचं. त्याच आठवड्यात जवळच्याच हरणीहून स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा बँकेत. वर्षाने त्याला पाहिलं आणि पुढे दोन दिवस ती उगाच हसत होती. मुलाची आई म्हणाली, "आम्हाला बी.एड. झालेलीच सून हवी. पण लग्न याच वर्षी करू. बी.एड. काय, आमच्या ओळखीचं कॉलेज आहे, घरी बसून होईल. दोन वर्षं कोण थांबतं आजकाल?"

आमचे हे म्हणाले, "मला यातलं कळत नाही. तू सरांना विचार. त्यांनी त्यातच जन्म काढलाय. ते म्हणतील तसं."

वर्षाही म्हणाली, "आई, सर सांगतील तसं करू."

दोघांनी निर्णय सरांवर टाकला आणि सरांकडे जायचं काम माझ्यावर. मी जिना चढले ती मनात एकच घोकत, हो की नाही एवढंच सांगा. मला वाटत होतं, त्यांनी कॉलेजात पाठवा म्हणावं. का वाटत होतं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

सरांनी सगळं ऐकलं. हिंचका थांबवला. म्हणाले, "वहिनी, पोळ्या तुम्ही कुणाकडून शिकलात?"

मला लगेच कळलं, कुठे चाललेत ते. एवढ्या वर्षांत तेवढं कळायला लागलं होतं. आईकडून म्हणायचं, मग ते विचारतील, आई समोर होती की नव्हती, मग मी म्हणायचं, समोर होती, आणि मग शिकवणारं समोर हवं हे माझ्याच तोंडून निघेल. मला तेच तर हवं होतं. पण खोटं बोलता येईना.

"कुणाकडून नाही," मी म्हणाले. "आई मजुरीला जायची. मी एकटीच करून बघायची. खूप दिवस जळायच्या. मग यायला लागल्या."

हे उत्तर सरांच्या तयारीत नव्हतं.

"बरं. चौथीत तुम्हाला कोण शिकवायचं?"

"गुरुजी होते. पण ते तपासणी असली की यायचे. एरवी आम्हीच पाढे म्हणायचो. पास झालो सगळे."

आतून काकूंना हसू आल्याचा आवाज आला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांचा पाठ मी बिघडवत होते.

"सर," मी म्हणाले, "मला प्रश्न नका विचारू. मला उत्तरं येत नाहीत. हो की नाही, एकदा सांगा. पोरीच्या आयुष्याचं आहे."

एवढं लांब मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"अहो, सांगा की तिला!" काकू दारात आल्या. "चाळीस वर्षं झाली, लग्नाचंसुद्धा यांनी प्रश्न विचारत माझ्याच तोंडून काढलं. एकदा तरी सांगा कुणाला काही!"

सर म्हणाले, "मला माहीत नाही."

काकू पुढे येऊन माझ्या शेजारी टेकल्या.

"मी मागच्या महिन्यात कॉलेजात गेलो होतो," सर हळूहळू म्हणाले. "वर्गात सात-आठ मुलं. शिकवणारा मुलगा अकरा महिन्यांच्या करारावर. त्याचं लक्ष पुढच्या मुलाखतीत. पाठ बघायला मागे कुणी बसत नाही, सह्या नंतर होतात. मी जन्मभर सांगत आलो की जायला हवं. आता जाऊन तिथे काय मिळेल? आणि न जाता जे शिक्षक झाले, ते सगळेच वाईट आहेत का? मला माहीत नाही, वहिनी. खरंच माहीत नाही."

ते प्रश्नही असे विचारत होते, ज्यांची उत्तरं त्यांच्याकडे नव्हती. आजवर त्यांचे सगळे प्रश्न उत्तर खिशात ठेवून विचारलेले असत.

मी खाली आले. वर्षा दारातच होती.

"काय म्हणाले सर?"

"मला माहीत नाही, म्हणाले."

"असं? सांगितलं? विचारलं नाही?" ती हसायला लागली. मग तिचं हसू गेलं. "मग आता?"

वर्षा आणि तिच्यामागे उभे असलेले हे, दोघंही माझ्याकडे बघू लागली. मला आजही समजत नाही की मी का बोलले, पण मी म्हणाले, "तू कॉलेजात जा. माझ्या समोर कुणी नव्हतं. तुझ्या समोर कुणीतरी असू दे."

हरणीच्या लोकांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरी मुलगी केली. वर्षा दोन वर्षं रोज बसने कॉलेजात गेली. तिच्या मागे बसून पाठ बघायला कुणी नसे, म्हणून रविवारी ती वर जायची आणि सर बघायचे. जिन्यात पुन्हा एक चपलांचा जोड दिसू लागला. वरून सरांचा आवाज यायचा, "कुणी विचारलं तुला?" आणि वर्षाचा यायचा, "सर, एक वाक्य तरी सांगू द्या!"

पुढे तिला नोकऱ्या मिळाल्या, पण सगळ्या अकरा महिन्यांच्या. शाळा सुटली की घरी ट्यूशन. स्थळं आली आणि गेली. आता विषय निघाला की ती बघू म्हणते आणि मी पुढे बोलत नाही.

गेल्या वर्षी तिला हरणीतल्या एका शाळेत कायमची नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी घरी येऊन तिने पर्स ठेवली आणि म्हणाली, "आई, आमच्या प्रिन्सिपल कोण आहेत सांगू? त्याच घरातली सून. माझ्याऐवजी केली ती."

मी पीठ मळत होते. हात तिथेच राहिले.

"घरी बसून बी.एड. झालेली?"

"तीच. एक दिवस कॉलेज बघितलं नाही, ती स्वतःच सांगते."

"मग? कशी आहे?"

"चांगली आहे, आई. वर्गात गेली की मुलं खूश असतात. कुठे शिकली, देव जाणे."

मला राग यायला हवा होता. तो नीट आलाही नाही. मी जिना चढून गेले आणि सरांना सगळं सांगितलं, सरळ, एका दमात. सर आता फार थकले आहेत, ऐकू कमी येतं. काकूंनी त्यांच्या कानाशी परत सांगितलं.

सरांनी जिन्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "मला एकट्याला जिना उतरता येतो का?"

"नाही," मी म्हणाले, आणि मला कळलं की मला त्यांच्याबरोबर हरणीला जायचं आहे.

वर्षाने विचारून ठेवलं. मोठ्या बाई बिचाऱ्या खूश झाल्या, एवढे जुने सर पाठ बघायला येणार म्हणून. धावत येऊन पाया पडल्या. मला म्हणाल्या, "मावशी, तुम्हीपण बसा ना." त्यांनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे. चौथीचा वर्ग होता. मी सरांच्या शेजारी मागच्या बाकावर बसले. बाक लहान, गुडघे वर येत होते.

मीठ कसं होतं, तो धडा. बाईंनी प्रस्तावना केलीच नाही. फळ्यावर सरळ 'मीठुं' लिहिलं आणि गुजरातीत सांगायला लागल्या. लहानपणी भरूचच्या पुढे मामाकडे गेल्या होत्या, तिथलं मिठागर सांगितलं. समुद्राचं पाणी वाफ्यांत घेतात, ऊन ते पाणी पितं, पायांना चिरा पडतात, डोळ्यांना पांढरं सोसत नाही. त्या सांगतच होत्या. एकही प्रश्न विचारला नाही. मी सरांकडे बघितलं. त्यांची बोटं बाकावर हलत होती.

पण मुलं विचारत होती. हात वर, हात वर. पाऊस आला तर? रात्री पाणी कोण पितं? शेवटी खिडकीपाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "बेन, तो दरियो ओछो थई जाय?" मग समुद्र कमी होत जातो का?

बाई थांबल्या. हसल्या. "ए तो मने य खबर नथी," म्हणाल्या. ते मलाही माहीत नाही. "कोने खबर छे?" कुणाला माहीत आहे?

सगळा वर्ग एकदम बोलू लागला. माझाही हात बाकावरून जरा उचलला गेला होता. मी तो पदरात घेतला.

रिक्षाने परत आलो. सर जिना चढताना माझ्या खांद्यावर भार देऊन चढले. हिंचक्यावर बसले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "सर, कसा होता पाठ?"

"चांगला होता," सर म्हणाले.

पुढे काहीतरी विचारतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. मग मी खाली आले.

संध्याकाळी वर्षा आली. चपला काढतानाच म्हणाली, "सर काय म्हणाले?"

"चांगला होता म्हणाले." मला तिच्याकडे बघवेना. ती दोन वर्षं, ते रविवार, तो बँकेतला मुलगा, सगळं माझ्या त्या एका वाक्यावर गेलं होतं. मी म्हणाले, "वर्षे, मी तुला उगाच पाठवलं का गं?"

ती खुर्चीवर बसली, घड्याळ काढून ठेवलं.

"पाठ खरंच चांगला होता, आई," ती म्हणाली. "पण तो चांगला का झाला, ते तिला सांगता येत नाही. मी विचारलं होतं एकदा. आणि माझा बिघडला तर का बिघडला, ते मला सांगता येतं."

हे कमी झालं की जास्त, ते मला ठरवता येईना. वर्षाच्या चेहऱ्यावरूनही कळेना. ती उठून चहा टाकायला गेली आणि मी तशीच बसले. अजूनही कधीकधी भाजी निवडताना मी ते तोलून बघते. एकदा एक पारडं खाली जातं, एकदा दुसरं.

त्या संध्याकाळी मी तशी बसलेली असतानाच बाहेर पाण्याचा आवाज आला. मोटर चालू राहिली होती. मी जुन्या सवयीने थांबले, दारावर टकटक होईल म्हणून. झाली नाही. बटण बंद करून मी वर गेले. पाणी गच्चीवरून जिन्यात आणि जिन्यातून गॅलरीत येत होतं. सर हिंचक्यावर बसलेले, पाय ओले.

"सर, टाकी भरली होती," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "मी बघत होतो."

मी कोरड्या फडक्याने त्यांचे पाय पुसले. काय बघत होता, टाकी भरल्यावर काय होतं ते, की माझं मला कधी कळतं ते, असं विचारावंसं फार वाटलं. विचारलं नाही. मग खराटा घेऊन मी पाणी खाली लोटायला लागले.